भरतीला गोडे, ओहोटीला खारे: खाजनातल्या डेटाचे एक प्रकरण

२०२३ च्या जानेवारीत आमच्या गटातल्या एका नव्या विद्यार्थ्याने मला हाक मारून पडद्यावरचा एक आलेख दाखवला. गोव्यात मांडवी नदीतल्या चोडण बेटावरच्या एका खाजनात, म्हणजे बांध घालून राखलेल्या नदीकाठच्या सखल शेतात, मानशीच्या (बांधातल्या पाण्याच्या दाराच्या) बाहेर नदीच्या अंगाला बसवलेल्या यंत्राने २०१७ च्या फेब्रुवारीत टिपलेली पाण्याची क्षारता, आणि तिच्यासोबत मुरगाव बंदराच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यातून घेतलेली पाण्याची उंची. भरती चढत होती तसे पाणी गोडे होत होते आणि ओहोटी लागली की खारे. मांडवीत असे होत नाही. भरतीबरोबर समुद्राचे पाणी नदीत वर सरकते, ओहोटीबरोबर वरचे गोडे पाणी खाली येते. हे कळायला समुद्रविज्ञान शिकावे लागत नाही, नदीकाठी राहिले तरी पुरते.

गटात डेटा सांभाळण्याचे काम माझ्याकडे आहे. मी मुळातली ग्रंथालयशास्त्राची. कोश, सूची, वर्गीकरण हे माझे शिक्षण. गोव्यात समुद्राचा आणि ध्रुवप्रदेशांचा डेटा सांभाळणाऱ्या मोठ्या संस्था आहेत: दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ पासून, वास्कोचे राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र १९९८ पासून. आमचा गट यांपैकी कुठलाच नाही. आम्ही चार-पाच माणसे, एक प्रयोगशाळा, दोन कपाटे. देशातले कितीतरी संशोधन अशाच जागी होते, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे.

आधी खाजन समजावून घ्यायला हवे, नाहीतर पुढचे काही कळणार नाही. मांडवी-जुवारीच्या काठची ही सखल शेती भरतीच्या पातळीच्या खाली असते. नदी आणि शेत यांच्यामध्ये मातीचा बांध, आणि बांधात एका जागी मानस, म्हणजे लाकडी फळ्यांचे दार. भरतीचे पाणी बाहेरून रेटले की फळ्या आपोआप मिटतात, ओहोटीला आतले पाणी ढकलते तेव्हा उघडतात. पावसाळ्यात आभाळाचे पाणी मातीतले मीठ धुऊन नेते आणि कोरगुटसारखे खारे सोसणारे भात उभे राहते. भात कापल्यावर खारे पाणी मुद्दाम आत घेऊन मासे धरतात. आतले पाणी किती खारे आणि बाहेरचे किती, यावर हे सगळे गणित चालते. बांध फुटला किंवा मानस नादुरुस्त झाली की पहिली खूण क्षारतेत दिसते. आम्हाला २०२३ मध्ये नेमके हेच पाहायचे होते: गेल्या काही वर्षांत या खाजनातले पाणी बदलले का? त्यासाठी जुने मोजमाप हवे होते, आणि ते आमच्याच घरात होते.

ते मोजमाप आमच्या एका पीएचडीच्या विद्यार्थिनीने नोव्हेंबर २०१५ ते मार्च २०१७ या काळात केले होते. मानशीच्या आत एक आणि बाहेर एक अशी दोन यंत्रे, दर पंधरा मिनिटांनी एक नोंद, सात खेपांत मिळून ३४० दिवस. म्हणजे तेहतीस हजारांच्या आसपास ओळी. यंत्र सलग ठेवता येत नाही; आपल्या उबदार पाण्यात महिना-दीड महिन्यात त्याच्यावर शेवाळ आणि बार्नकल चढतात, क्षारता मोजणारा भाग झाकला जातो आणि आकडे हळूहळू खाली घसरतात. म्हणून दर खेपेला यंत्र काढायचे, घासायचे, तपासायचे, परत सोडायचे. चिखलात कमरेएवढे उतरून तिने हे सात वेळा केले. प्रबंध मंजूर झाला, शोधगंगेवर, म्हणजे देशातल्या पीएचडी प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात, चढला, ती परदेशात नोकरीला गेली. शोधगंगेवर प्रबंध असतो. त्याच्यामागचे तेहतीस हजार आकडे तिथे नसतात. ते आमच्याकडे एका एक्सेल फाइलमध्ये उरले होते आणि फाइलचे नाव होते ‘फायनल_नवीन_दुरुस्त_३’.

डेटाच्या जीवनचक्राचे चित्र बहुतेकांनी पाहिलेले असते: नियोजन, संकलन, सफाई, विश्लेषण, जतन, देवाणघेवाण, पुनर्वापर. गोल चाक, त्यावर बाण. आमच्या वाट्याला हे चाक उलटे फिरवणे आले. आम्ही पुनर्वापराच्या टोकाला उभे होतो आणि एकेक पायरी मागे जात होतो.

पहिला अंदाज

आमच्या सरांना वाटले, आतल्या आणि बाहेरच्या यंत्रांचे रकाने फाइलमध्ये अदलाबदल झाले असावेत. आतले पाणी उलटे वागू शकते: भरतीला फळ्या मिटल्या की आत जमिनीवरून येणारे गोडे पाणी साठत जाते. अंदाज चुकीचा ठरला तरी वेडगळ नव्हता. सर म्हणाले, “रकाने बदलून टाका, आणि पुढे चला.”

मी दोन आठवडे मागितले. सरांशी वाद घालण्याचा माझा अधिकार नाही, पण एक गोष्ट मला पक्की ठाऊक होती: रकाने बदलून आलेख सुरेख दिसला असता, तर पुन्हा कोणी कधीच या फाइलकडे संशयाने पाहिले नसते. एखादी दुरुस्ती पटण्याजोगी आहे म्हणून केली आणि तिचा पुरावा कुठे लिहिला नाही, तर ती मूळ चुकीपेक्षा जास्त काळ जगते.

विद्यार्थिनीला व्हॉट्सअ‍ॅपवर विचारले. तिने रात्री उशिरा, कामावरून आल्यावर, लांबलचक उत्तर पाठवले. रकाने बरोबर आहेत याची तिला खात्री होती, बाकी फारसे आठवत नव्हते. शेवटी एक ओळ होती: “ताई, मध्ये एकदा लॅपटॉप बदलला होता, एवढे आठवते.” तेव्हा मी ती ओळ वाचून पुढे गेले.

मानशीवरचे काका

रायबंदरहून फेरीबोटीने चोडणला गेले ते खरे तर यंत्रांच्या जागा पाहायला. शेतकऱ्यांच्या वतीने मानस सांभाळणारे काका सत्तरीच्या पुढचे आहेत. विद्यार्थिनीची त्यांना चांगली आठवण होती. तिची यंत्रे त्यांनीच खांबाला बांधून दिली होती. मी छापील आलेख त्यांच्यापुढे धरला. तो अमावास्येच्या दिवसाचा होता. समुद्राचे खारे पाणी चढल्याचा डोंगर कुठल्या वेळेला आहे, असे त्यांनी विचारले. मी म्हणाले, सकाळी साडेसहाला.

“बाय, अमावास्येला आमच्याकडे भरती दुपारच्या जेवणाला येते. ही सकाळच्या चहाला कशी आली?”

मी खाली बसले. दुपारी बाराची भरती, फाइलमध्ये सकाळी साडेसहाची. साडेपाच तास. भारतीय प्रमाणवेळ जागतिक प्रमाणवेळेच्या, म्हणजे यूटीसीच्या, बरोबर साडेपाच तास पुढे आहे.

इथे थोडे थांबते, कारण या प्रकरणाचे मर्म यात आहे. आपल्या किनाऱ्यावर दिवसातून दोन भरत्या येतात, दोन भरत्यांत सुमारे १२ तास २५ मिनिटांचे अंतर. भरतीपासून ओहोटीच्या तळापर्यंत साधारण सव्वासहा तास. घड्याळ साडेपाच तास चुकले की भरती जवळजवळ ओहोटीवर जाऊन बसते. भारताची वेळ यूटीसीपासून एक तास दूर असती, तर आलेख थोडासा तिरका दिसला असता. बारा तास दूर असती, तर कदाचित काहीच दिसले नसते. आपले साडेपाच तास असे पडतात की चुकीचे चित्र पूर्ण उलटे होते, आणि उलट्या चित्राला माणूस भलतेच कारण शोधतो. आम्ही रकान्यांची अदलाबदल शोधली होती.

मग ती लॅपटॉपची ओळ आठवली. यंत्र सोडताना त्याचे घड्याळ जोडलेल्या संगणकावरून लावले जाते. नवा लॅपटॉप यूटीसीवर होता, जुना भारतीय वेळेवर. भरतीचा तक्ता मात्र कायम भारतीय वेळेतला. फाइलमध्ये रकान्याचे शीर्षक होते नुसते ‘वेळ’.

प्रबंधात हे कोणाच्या लक्षात का आले नाही, असे मला नंतर दोघा-तिघांनी विचारले, आणि विचारण्यात विद्यार्थिनीवर ठपका होता. त्याचे उत्तर स्पष्ट द्यायला हवे. प्रबंधातले सगळे निष्कर्ष दिवसाच्या सरासरीवर उभे आहेत. दिवसाच्या सरासरीला साडेपाच तासांचा फरक जेमतेम जाणवतो. तिच्या प्रश्नासाठी तिचा डेटा ठीक होता. आमचा प्रश्न वेगळा होता. आपला डेटा पुढे कोण कशासाठी वापरील हे गोळा करणाऱ्याला ठाऊक नसते. म्हणूनच त्याला स्वतःला नको असलेली माहितीही त्याने लिहून ठेवावी लागते.

पुरावे

काकांचे बोलणे खरे होते, पण एका अमावास्येवरून सात खेपा दुरुस्त करता येत नाहीत. प्रत्येक खेपेचे घड्याळ स्वतंत्र सिद्ध करायचे ठरवले.

सर्वात चांगला पुरावा म्हणजे यंत्रातून उतरवलेली मूळ फाइल. तिच्या माथ्यावर घड्याळ कसे लावले ते लिहिलेले असते आणि तिच्यात पाण्याच्या दाबाचा रकानाही असतो. दाब म्हणजे खोली, खोली म्हणजे भरती-ओहोटी, तीही यंत्राच्या स्वतःच्या घड्याळात. सफाई करताना हा रकाना ‘लागत नाही’ म्हणून गाळला गेला होता. मूळ फाइली एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर होत्या, आणि ती डिस्क कपाटात सहा पावसाळे काढल्यावर उघडेना. दोनच मूळ फाइली वाचल्या, दुसऱ्या आणि पाचव्या खेपेच्या, तेही तिने त्या वेळी सरांना ईमेलने पाठवल्या होत्या म्हणून. दुसरी खेप भारतीय वेळेत निघाली, पाचवी यूटीसीत. दाबाची रेष मुरगावच्या तक्त्याशी ताडून पाहिली. दोन्ही ठिकाणी तेच उत्तर.

उरलेल्या खेपांसाठी सूर्याची मदत घेतली. मानशीच्या आतले पाणी उथळ असते. ते दुपारी दोन-तीनच्या सुमारास सर्वात जास्त तापते. भरतीबरोबर येणारे पाणीही तापमान बदलते, पण भरती रोज सुमारे ५० मिनिटे पुढे सरकते. म्हणून पंधरा दिवसांची सरासरी काढली की भरतीचा परिणाम बराचसा पुसला जातो आणि सूर्याचा तेवढा उरतो. पहिल्या आणि तिसऱ्या खेपेत पाणी दुपारी अडीचला तापत होते. सहाव्या आणि सातव्या खेपेत सकाळी नऊला. सकाळी नऊला खाजनातले पाणी दिवसातले सर्वात गरम असू शकत नाही.

तिसरा पुरावा काकांचा. मानस त्यांच्याकडे आल्यापासून ते शाळेच्या वहीत नोंदी करतात: कोणत्या तिथीला फळ्या उचलल्या, उधाण कसे होते, भांगाला (लहान भरतीच्या दिवसांत) पाणी किती उतरले, कोणत्या दिवशी बांधाला भोक पडले. वहीत तारखा नाहीत, तिथ्या आहेत, पण पंचांगावरून तारखा लागतात. मुद्दाम फळ्या उचलून खारे पाणी आत घेतल्याच्या ज्या नोंदी सापडल्या, त्या दिवशी आतल्या यंत्राची क्षारता एकदम उडी मारते. यावरून वेळ नाही, पण दिवस पक्का झाला, आणि आत-बाहेरचे रकाने बरोबर होते हेही. सरांनी हा आलेख पाहिला आणि रकान्यांचा विषय तिथेच संपला.

हे सगळे चार महिने चालले. जे शोधत होतो ते लिहून ठेवायला यंत्र सोडतानाच्या दिवशी एक मिनिट लागले असते.

आणखी दोन

वेळेचा गुंता सोडवताना बाकीचे रकानेही उलगडले. जागेचे अक्षांश-रेखांश फाइलमध्ये १५.३२ आणि ७३.५२ असे होते. नकाशावर टाकले तर ठिपका चोडणपासून सुमारे ४४ किलोमीटर दूर, अरबी समुद्रात पडला. खरी नोंद १५ अंश ३२ मिनिटे आणि ७३ अंश ५२ मिनिटे अशी होती. मिनिटांना दशांश समजून टिंब दिले गेले. ३२ मिनिटे म्हणजे ०.५३ अंश. समुद्रात पडलेला ठिपका निदान चटकन दिसतो. तीच चूक जमिनीवरच्या एखाद्या जागी झाली असती, तर ठिपका दुसऱ्या गावात पडून वर्षानुवर्षे खपून गेला असता.

विरघळलेल्या प्राणवायूचे जास्त अवघड होते. हे मोजमाप बाटलीत पाणी भरून प्रयोगशाळेत विंक्लर पद्धतीने केलेले. पद्धत १८८८ ची आहे आणि अजून विश्वासाची आहे. काही महिने आकडे ४.८ च्या आसपास, मग एकदम ६.९ च्या आसपास. नवा विद्यार्थी म्हणाला, मॅडम, पाण्याची प्रकृती सुधारली. पाणी तेच होते. आधीचे आकडे लिटरमागे मिलिलिटरमध्ये आणि नंतरचे मिलिग्रॅममध्ये होते. एक मिलिलिटर प्राणवायू म्हणजे सुमारे १.४३ मिलिग्रॅम. एकक बदलल्याची नोंद प्रयोगशाळेच्या वहीत सापडली, म्हणून हे सुटले. नसती सापडली, तर आम्ही ‘खाजनातल्या पाण्याची सुधारणा’ असा शोधनिबंध लिहिला असता, ही कल्पना मला अजून अस्वस्थ करते.

दुरुस्ती कशी लिहिली

जुन्या एक्सेल फाइलीला हात लावला नाही. ती जशी होती तशी, त्या नावासकट, वेगळ्या फोल्डरात कुलूपबंद ठेवली आणि तिचा एसएचए-२५६ ठसा काढून लिहून ठेवला. फाइलीतले एक अक्षर जरी बदलले तरी हा ठसा जुळत नाही. नवी फाइल साध्या सीएसव्हीत केली, म्हणजे दहा वर्षांनी कुठल्याही संगणकावर उघडेल. तिच्यात वेळेचे दोन रकाने आहेत: एक फाइलमध्ये होती ती वेळ, दुसरा दुरुस्त केलेली वेळ, शेवटी +०५:३० असे लिहिलेली. प्रत्येक खेपेपुढे पुरावा कोणता ते लिहिले: मूळ फाइल, की तापमान. कोणाला आमचा तर्क पटला नाही, तर तो पहिल्या रकान्याकडे परत जाऊ शकतो.

डेटा खुला करायचा असे सरांनी आधीच ठरवले होते. २०१६ मध्ये मांडली गेलेली ‘फेअर’ तत्त्वे सांगतात की डेटा शोधता यावा, मिळवता यावा, इतर डेटाशी जुळवता यावा आणि पुन्हा वापरता यावा. आम्ही झेनोडो या भांडारात ठेवला. ते युरोपातली सर्न ही संस्था २०१३ पासून चालवते, प्रत्येक संचाला डीओआय, म्हणजे कायमचा ओळख-क्रमांक, मिळतो आणि दुरुस्त आवृत्ती आली तरी जुनी दिसत राहते. मूळ विद्यार्थिनीचे नाव पहिले, हे मी आग्रहाने केले.

काकांच्या वहीचा प्रश्न वेगळा होता. तिच्यात पाण्याच्या नोंदींबरोबर मासेमारीच्या पावणीचे (लिलावाचे) आकडे होते, कोणाला किती मजुरी दिली ते होते, दोन भाऊबंदांच्या भांडणाचीही एक ओळ होती. संशोधक म्हणून मला ती सगळी वही हवीशी वाटत होती. पण ती गावाची आहे. काकांबरोबर ओसरीवर बसून एकेक पान पाहिले, पाण्याच्या आणि फळ्यांच्या नोंदी तेवढ्या उतरवून घेतल्या, वही परत दिली. उतरवलेल्या नोंदी खुल्या करायच्या की नाही हे त्यांनी शेतकऱ्यांच्या बैठकीत विचारले आणि पंधरा दिवसांनी होकार कळवला. त्यात एक अट होती: निष्कर्ष मराठीत लिहून आम्हाला द्या. ते चार पानी टिपण मला शोधनिबंधापेक्षा कठीण गेले, कारण ते वाचणाऱ्यांना पाणी आमच्यापेक्षा जास्त कळते.

यंदाच्या यंत्रांच्या खेपांना आता एक छापील पान असते. पहिल्या ओळीत मनगटावरच्या घड्याळाची वेळ, दुसऱ्या ओळीत यंत्राची वेळ, तिसऱ्यात पाण्याला भरती आहे की ओहोटी हे डोळ्यांनी पाहून लिहायचे. मूळ फाइल त्याच संध्याकाळी तीन जागी जाते, त्यातली एक गोव्याबाहेरच्या सर्व्हरवर. हे नियोजनाच्या पायरीचे काम, चाकावरचे पहिले; आमच्या प्रकरणात ते सर्वांत शेवटी आले.

सात खेपांपैकी सहा लागल्या. चौथी लागली नाही. ती २०१६ च्या जुलै-ऑगस्टची, ३७ दिवसांची, आणि लॅपटॉप बदलला तो तिच्याच मागेपुढे. मूळ फाइल गेली. पावसात नदी आत-बाहेर गोडीच असते, क्षारता शून्याजवळ, म्हणून भरतीची खूण नाही. आभाळ भरलेले, म्हणून पाणी दुपारी तापल्याची खूण नाही. आधीची भारतीय वेळेत आणि नंतरची यूटीसीत, मधली कशात ते कळायला काहीच उरलेले नाही. त्या ३७ दिवसांच्या प्रत्येक ओळीपुढे आम्ही ३ हा अंक लावला आहे. सागरी डेटाच्या आंतरराष्ट्रीय प्रघातात त्याचा अर्थ शंकास्पद. सोबत टीप: दिवसाच्या सरासरीसाठी वापरा, भरतीशी ताडू नका.

शेवटचा उपाय म्हणून त्या दिवसांसाठी काकांची वही पुन्हा उघडली. श्रावणातले एक पान पावसाने फुगलेले होते, शाई पसरलेली. त्यावर लिहिले होते, “पाणी बांधाला लागले. फळ्या बंद. रात्रभर जागा.” वेळ त्यांनीही लिहिली नव्हती.